अर्ध्या मिलिमीटरचे काका

पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही जुन्या हाउसिंग सोसायटीत एक निवृत्त टूलरूमवाले काका असतातच. नसतील तर सोसायटी अजून नवी आहे असं समजावं. काका ओळखायला अवघड नाहीत. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, अगदी झेंडावंदनाला आणि बारशालासुद्धा. बोलताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात एक बारीक फट कायम धरलेली. दार नीट लागत नसेल तर बाकीची माणसं दाराला लाथ घालतात, काका गुडघ्यावर बसून बिजागरीला विचारतात, “तुझा डेटम कुठला?”

काकांची सगळी नोकरी जिग आणि फिक्स्चर बनवण्यात गेली. कामगाराचा हात हलला तरी भोक हलू नये, अशा बेताने लोखंडाचा तुकडा जखडून ठेवणारी ही साधनं. या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं एक तत्त्वज्ञान बनतं : माणूस चुकत नाही, त्याला चुकायला जागा ठेवलेली असते. ऐकायला फार उदार वाटतं. ज्यांना अशा माणसाबरोबर संसार करावा लागतो, त्यांना विचारा.

निवृत्तीनंतर काकांनी घरातल्या मोकळ्या जागा बुजवायला घेतल्या. लाटण्याच्या दोन्ही टोकांना रबरी रिंगा बसवल्या, म्हणजे पोळी सगळीकडे सारख्या जाडीची होईल. काकूंनी एक पोळी लाटली, रिंगा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि दुसरी लाटायला घेतली. भाजीच्या फोडी, दूधवाल्याचं माप, देवघरातल्या वातीची लांबी, सगळीकडून काका असेच परत आले. मग एका दुपारी त्यांचं लक्ष शिवणयंत्राकडे गेलं.

ते यंत्र काकूंचं. बिडाचं, काळं, पायानं चालवायचं, चामड्याच्या पट्ट्याचं. त्यावर काकूंनी मुलांची झबली-टोपडी, पडदे, उशांचे अभ्रे, स्वतःचे आणि निम्म्या सोसायटीचे ब्लाउज शिवलेले. काका तेव्हा दिवसभर कारखान्यात असत, म्हणून हे सगळं निर्विघ्न पार पडलं होतं. आता ते समोर बसून बघू लागले. डाव्या हाताने कापड हलकेच पुढे सोडायचं, उजव्या हाताची बोटं कडेला टेकवायची आणि पायाला लय धरायची. कुठे पकड नाही, स्टॉपर नाही, कसलाच आधार नाही. काकांच्या अंगावर काटा आला.

“अगं, ही टीप कडेपासून किती अंतरावर मारतेस?”

“चार सूत.”

शिंप्याच्या आणि सुताराच्या हिशेबात इंचाचे आठ सूत. काकांनी मनात गुणाकार केला, व्हर्नियर आणला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ब्लाउजची कूस उलटी केली.

“चार सूत म्हणजे बारा पॉइंट सात मिलिमीटर. इथे बारा आहे. इथे साडेबारा. आणि इथे तेरा!”

“ते आतल्या बाजूला आहे. कोण बघणार?”

“मी बघितलं ना!”

“दुसऱ्यांच्या बायकांचे ब्लाउज उलटे करून बघू नका म्हणजे झालं,” काकू म्हणाल्या आणि चाकाला हात लावला.

त्या दिवशी काकांचं उत्तरायुष्य सुरू झालं.

सुरुवात औषधाच्या डब्यातल्या चिकटपट्टीने झाली. जखमेवर लावायची ती पांढरी कागदी पट्टी. पण काकांनी ती अशीतशी लावली नाही. आलेखाचा कागद कापड दाबून धरणाऱ्या प्रेसर फूटखाली सरकवला, चाक हाताने फिरवून सुई कागदाच्या एका रेघेवर टेकवली, तिथून उजवीकडे बारा पॉइंट सात मिलिमीटरवर कागद कापला आणि त्या कापलेल्या कडेला लागून चिकटपट्टी यंत्राच्या पाटावर लावली. “माप सुईपासून घ्यायचं. फूटच्या कडेपासून नाही. फूट बदलला की कड बदलते, सुई तिथेच पडते,” हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात सोसायटीतल्या सगळ्यांना ऐकवलं. त्यात अविवाहित मुलगे आणि कुरियरवाला हेही आले. वाक्य मात्र शंभर टक्के खरं आहे. कापडाची कड पट्टीला लावून सोडत गेलं, तर टीप आपोआप समांतर पडते. काळ्या पाटावर पांढरी पट्टी संध्याकाळच्या उजेडातही दिसते. काकूंनी पट्टीकडे बघितलं, “राहू दे” म्हणाल्या. काकांच्या घरात एवढ्याशा उत्तेजनावर पुढचं वर्ष निघतं.

चिकटपट्टीला जाडी नाही, त्यामुळे कापड तिच्यावरून आरामात पलीकडे जातं, हा शोध त्यांना लवकरच लागला. कापडाला भिंत पाहिजे. त्यांनी यंत्र पुसायला घेतलं, तर पाटावर सुईच्या उजवीकडे धूळ आणि तेल यांनी बुजलेली दोन आट्यांची भोकं सापडली.

“ही कसली भोकं?”

“तेल घालायची. मी दर महिन्याला घालते.”

काकांनी डोळे मिटून घेतले. ती भोकं गाइड बसवण्यासाठी असतात. इंग्रजी टी आकाराची छोटी धातूची पट्टी, तिला लांबट खाच, खाचेतून एक स्क्रू. पट्टी सुईच्या जवळ किंवा लांब सरकवायची आणि स्क्रू आवळायचा. अनेक जुन्या काळ्या यंत्रांवर ही सोय पहिल्यापासून आहे आणि अनेक घरांत ती वर्षानुवर्षं तेल पीत बसली आहे. काकांनी स्वतः गाइड बनवायचं ठरवलं, फाइल मारून पट्टी आरशासारखी केली. पण साधा मेट्रिक स्क्रू त्या भोकात शिरेना. शेवटी सुट्या भागांच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने न विचारता एका मळक्या डब्यातून तयार गाइड स्क्रूसकट काढून दिला. किंमत चहा-भजीच्या आतबाहेर. काका गाइड घेऊन आले खरे, पण दोन दिवस गप्प होते. आपल्या आधी कोणीतरी हा विचार करून ठेवला होता, हे दुःख टूलरूमवाल्यालाच कळतं.

दुःखातून माणूस इतिहासाकडे वळतो. काकांनी शिवणयंत्राचा इतिहास वाचला आणि तो सोसायटीला सांगायला घेतला. अमेरिकेत इलायस हाऊने १८४६ साली आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्या यंत्रात कापड पाटावर पसरत नसत. पिना बसवलेल्या एका पट्टीवर ते उभं टांगायचं. पट्टी सरकेल तसं कापड सरकायचं. पट्टीच्या लांबीएवढी शिवण झाली की थांबायचं, कापड पिनांवरून काढायचं, पट्टी मागे न्यायची आणि पुन्हा टांगायचं. इथे काकांचा आवाज भरून येतो. “फिक्स्चर! पहिल्याच माणसाने फिक्स्चर केलं होतं!” मग १८५० च्या दशकात अॅलन विल्सन आला. त्याने सुईखाली दाते बसवले. दाते वर येतात, कापड एक टाका पुढे सरकवतात, खाली बुडतात आणि मागे जागेवर जातात. चार हालचाली. आजही घराघरातलं यंत्र कापड सरकवतं ते याच पद्धतीने. त्यामुळे हवी तेवढी लांब शिवण घालता येऊ लागली, गोल वळता येऊ लागलं, शिवणयंत्र खऱ्या अर्थाने उपयोगाचं झालं. काकांच्या मते मात्र कापड मोकाट सुटलं ते तेव्हापासून.

या व्याख्यानात गांधीजीही येतात. यंत्रांच्या अतिरेकावर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती. कोणी “एवढी साधनं कशाला?” असं म्हटलं की काका हा हुकमाचा एक्का टाकतात.

“अपवाद मशीनला केला होता,” काकू स्वयंपाकघरातून म्हणतात. “तुमच्या पट्ट्यांना नव्हता.”

त्यानंतरचं पर्व चुंबकाचं. बाजारात शिवणयंत्रासाठी चुंबकाचा छोटा गाइड मिळतो : पाटावर हवा तिथे ठेवायचा, काम झालं की उचलायचा. काकांनी तो विकत घेतला नाही. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून चुंबक काढला. हार्ड डिस्कमधले चुंबक आकाराने लहान आणि स्वभावाने भयंकर असतात. बिडाच्या पाटावर तो असा बसला की काढायला पक्कड लागली. टाचण्या उड्या मारून त्याला चिकटल्या, कात्री त्याच्याकडे कलली, आणि बॉबीन केस हरवली म्हणून दोन दिवस शोध चालला, ती त्याच्या मागच्या अंगाला सापडली. काकूंनी त्या दिवशी एकही शब्द उच्चारला नाही. काकांनी आपण होऊन चुंबक फ्रिजच्या दारावर हलवला. तिथे तो गॅसच्या पावत्या धरून आहे आणि पावत्या काढणं अवघड झालं आहे.

घरातलं यंत्र आता सुधारण्यापलीकडे सुधारलं होतं. काका बाहेर पडले. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने नवीन, हलकं, विजेवरचं यंत्र घेतलं होतं. काका तसाच दुसरा चुंबक खिशात घालून गेले, तर पाट प्लास्टिकचा. चुंबक फक्त सुईखालच्या पोलादी प्लेटला चिकटत होता, पण तिथे ठेवला तर सुईच्या वाटेत. शिवाय विजेच्या सर्किटच्या यंत्राजवळ असला चुंबक नेऊ नये, हे काकांना स्वतःलाच सुचलं. याला त्यांच्या चरित्रात महत्त्वाचं स्थान आहे. मग त्यांनी खिशातून रबर बँड काढला आणि यंत्राच्या निमुळत्या हाताभोवती, सुईपासून मापून, ताणून बसवला. झाला गाइड. कापडाची कड रबराला लावायची. नंतर चिकट चिठ्ठ्यांच्या गड्ड्यातून बोटभर जाडीचा तुकडा घेऊन प्लेटजवळ चिकटवला. झाली भिंत. मुदत संपलेलं एटीएम कार्डही चिकटपट्टीने लावून दाखवलं. सुनेच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला, आणि काका रोज येऊ लागले.

त्या घरातच काकांना आयुष्यातला मोठा विजय मिळाला. सून अमेरिकन कागदी पॅटर्नवरून कपडे शिवत असे. त्या पॅटर्नांमध्ये माया (टीप आणि कड यांच्यातलं कापड) बहुधा पाच अष्टमांश इंच धरलेली असते, म्हणजे आपले पाच सूत. आपल्याकडे ब्लाउजला कुशीत इंच-दीड इंच माया सोडतात, उद्या अंग सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. तिथे चूक मावते. पण सुनेला तुकडे जोडून रजई करायची होती, आणि त्या कामात माया फक्त दोन सूत, पाव इंच. बारा पट्ट्या जोडल्या आणि रजईची रुंदी सेंटिमीटरभर कमी भरली. सून म्हणाली, कापड आटलं. काका म्हणाले, थांब. व्हर्नियर आला. प्रत्येक शिवण अर्धा मिलिमीटर आत गेली होती.

“बारा पट्ट्यांना शिवणी किती? अकरा. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधून अर्धा अर्धा मिलिमीटर जास्त गेला. म्हणजे शिवणीमागे एक. अकरा शिवणींचे अकरा मिलिमीटर. तुझं कापड आटलेलं नाही. तुझी चूक एकेक करून जमली आहे.”

हा हिशेब बिनतोड आहे. रजई करणाऱ्या बायका याच कारणासाठी पाव इंचाचा खास फूट वापरतात. त्याची कडच सुईपासून पाव इंचावर असते आणि काही फूटना बाजूला एक छोटी उभी पट्टीही असते. अर्ध्या मिलिमीटरवरून आयुष्यभर हसू झेललेले काका त्या संध्याकाळी जिन्यावरून उतरताना कठड्याला हात न लावता उतरले.

पण गर्वाचं घर खाली असतं, आणि काकांच्या बाबतीत ते मुंढ्यात होतं. मुंढा म्हणजे बाही जिथे बसते ती गोलाई. काकांचा सरळ गाइड गोलाईला काय करणार? कड एका टोकाला टेकते, दुसऱ्या टोकाला सुटते, कापड अडतं, चुण्या पडतात. “मुंढ्याची डिझाइनच चुकली आहे,” असं काका म्हणून गेले. काकूंनी पेचकस घेतला, गाइडचा स्क्रू सैल केला, पट्टी तिरकी फिरवली, इतकी की तिचं फक्त सुईसमोरचं टोक कापडाला शिवेल, आणि स्क्रू आवळला. गोलाई एका बिंदूला टेकून सुरेख वळत गेली.

“हे तुला कोणी शिकवलं?”

“तेल घालायच्या भोकांनी,” काकू म्हणाल्या.

काकूंची अढळ निष्ठा शिवणाच्या जुन्या क्लासवर. तिथे पहिले काही दिवस दोरा ओवूच देत नसत. आखलेल्या वहीचा कागद घ्यायचा आणि रिकाम्या सुईने रेघेवर भोकं पाडत जायची. आधी सरळ रेघा, मग चौकोन, मग गोल. हात आणि पाय एकमेकांना ओळखू लागले की कापड. काकांना ही पद्धत तत्त्वतः मान्य आहे. फक्त त्या कागदाला फिक्स्चर का नव्हतं, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या टेलर मास्टरांकडे काका गेले ते पट्टी घेऊनच. मास्टर शर्टाच्या कॉलरला वरची टीप मारत होते. यंत्र इतक्या वेगात की सुई दिसत नव्हती. काकांनी तयार कॉलर मोजली. कडेपासून दोन सूत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठे केसभर फरक नाही. काकांनी यंत्राखाली वाकून पाहिलं.

“फिक्स्चर कुठंय?”

“काय साहेब?”

“म्हणजे कापड सरळ जातं कशामुळे?”

“सुईकडं बघत नाही साहेब. कडेकडं बघतो. सुई तिचं काम करते.” मग मास्टरांनी खण उघडला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फूट काढला. त्याच्या दोन पंजांपैकी एक स्प्रिंगवर वरखाली होणारा. जाड घडीच्या कडेला तो पंजा खाली उतरतो आणि घडीला लागूनच चालतो, त्यामुळे टीप कडेपासून नेमक्या अंतरावर राहते. कपड्यांच्या कारखान्यांत असले फूट सर्रास वापरतात. “घाईचं काम आलं, पोरगं नवीन असलं, की हा लावून देतो,” मास्टर म्हणाले. काकांनी तो फूट दोन्ही हातांनी घेतला. नातवाला पहिल्यांदा घेतानाही त्यांनी एवढी काळजी घेतली नव्हती, असं काकू सांगतात.

या सगळ्या काळात काकांनी स्वतः काय शिवलं, हा प्रश्न सोसायटीत कोणी मोठ्याने विचारत नाही. उत्तर सगळ्यांना माहीत आहे. काकांनी एक उशीचा अभ्रा शिवला. प्रत्येक इंचाला थांबून, सुई कापडात ठेवून, व्हर्नियर लावून. तो पूर्ण व्हायला जितका वेळ लागला तेवढ्यात काकूंनी दोन नऊवारींचे काठ दुमडले. अभ्र्याची माया चारही बाजूंनी बिनचूक बारा पॉइंट सात होती. चारही बाजूंनी. उशी घालायला तोंडच नव्हतं. काका म्हणाले, ते ड्रॉइंगमध्ये दाखवलेलं नव्हतं. काकूंनी एक कड उसवली, दुमडली आणि शिवून टाकली. त्या बाजूला माया किती ठेवली, हे त्यांनी काकांना सांगितलेलं नाही.

आता काकूंच्या यंत्रावर तो टी आकाराचा गाइड कायमचा बसला आहे. शेजारणींनी विचारलं की त्या म्हणतात, “काढला तर यांना वाईट वाटेल, म्हणून ठेवलाय.” मध्यंतरी काकांनी तो घासून-पुसून ठेवायला काढला होता, तेव्हा काकूंनी एका दुपारीत तीनदा विचारलं, कुठे ठेवलात म्हणून. यावरून कोणाला काय निष्कर्ष काढायचा तो काढावा. काकांनी काढलेला आहे आणि तो ते सांगत फिरतात.

असे काका तुमच्या सोसायटीत असतील, तर त्यांना एकदा घरात घ्याच. माप सुईपासून घ्यायचं, नजर कडेवर ठेवायची, कापड ओढायचं नाही कारण ते सरकवायला दाते समर्थ आहेत, आणि गोलाईला गाइड तिरका करायचा : एवढ्या चार गोष्टी ते पदरात घालून जातील आणि तुमची पुढची प्रत्येक शिवण सरळ येईल. त्यांनी लावलेली पट्टी काढू नका. व्हर्नियर मात्र आत येऊ देऊ नका. तो एकदा घरात आला की पोळ्यांपर्यंत जातो.